चोवीस रकाने आणि एकटा संपादक

नालासोपारा पूर्वेला आमच्या वस्तीतील विहारात रविवारी संध्याकाळी वंदना झाली की दीड तास वाचन चालते. दहा-बारा जण असतात. नर्सिंगची एक विद्यार्थिनी, अंधेरीला नोकरीसाठी जाणारे दोन-तीन तरुण, रिक्षा चालवणारे एक काका, रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा आणि मी. गेले वर्षभर आम्ही एकच पुस्तक वाचत आहोत आणि ते अजून निम्मेही झालेले नाही. महाराष्ट्र शासनाने १९९० साली प्रसिद्ध केलेला, वसंत मून यांनी संपादित केलेला तो जाडजूड खंड: बाबासाहेबांचे ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘मूकनायक’.

याची सुरुवात एका पोस्टरने झाली. भीमजयंतीच्या आदल्या रात्री आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बाबासाहेबांच्या नावाने एक वाक्य आले. निळी पार्श्वभूमी, फोटो, खाली नाव. वाक्य टाळ्या घेणारे होते. आजोबांनी विचारले, हे बाबासाहेबांनी कुठे लिहिले आहे? कोणालाच सांगता येईना. दोन दिवस शोधाशोध केली, वाक्य काही सापडले नाही. तेव्हा ठरले की वाक्ये शोधत बसण्यापेक्षा लेखच पहिल्यापासून वाचू. म्हणून या लेखातही मी बाबासाहेबांचे एकही वाक्य अवतरणात टाकणार नाही. अवतरणे तुमच्या मोबाइलमध्ये भरपूर आहेत. मला सांगायचे आहे ते परळमध्ये बसून पंधरवड्याला एक वर्तमानपत्र जवळजवळ एकहाती भरणाऱ्या माणसाबद्दल.

बाबासाहेबांचे बहुतेक मोठे ग्रंथ इंग्रजीत आहेत. जातीवरचे, रुपयावरचे, बुद्धावरचे. मराठीतला लेखक म्हणून त्यांना भेटायचे तर भाषणे, पत्रे आणि ही वर्तमानपत्रे एवढेच दरवाजे आहेत. आणि त्यातही पंधरा दिवसांची मुदत डोक्यावर घेऊन, समोरच्या वाचकाला नजरेसमोर ठेवून, स्वतःच्या हाताने लिहिलेले सर्वाधिक मराठी या खंडात आहे.

ही मराठी घडली कुठे? १४ एप्रिल १८९१ ला महूला जन्मलेले भीमराव ज्या घरात वाढले ते कबीरपंथी घर होते. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते आणि घरात अभंग, दोहे, पुराणकथा यांचे पठण असे. पुढे कुटुंब मुंबईला आले. परळची डबक चाळ, एल्फिन्स्टन हायस्कूल, चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा मुलगा आणि त्याला तिथे हेरणारे कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजी. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा केळुस्करांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पण केळुस्कर हे लेखक होते, मराठीत चरित्रे लिहिणारे होते, हे आपण विसरतो. गिरणगावातल्या एका मुलाला मराठी लिहिणारा माणूस जवळून पाहायला मिळाला, याला माझ्या मते कमी महत्त्व नाही.

त्यानंतर कोलंबिया, लंडन, बडोद्याचा अपमान, आणि १९१८ च्या नोव्हेंबरपासून सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी. हा भाग सर्वांना माहीत आहे. कमी माहीत असलेली गोष्ट अशी की १९१९ च्या जानेवारीत ‘टाइम्स ऑफ इंडिया’त होमरूलच्या प्रश्नावर एक पत्र छापून आले, लेखकाच्या जागी नाव नव्हते, फक्त एक महार एवढाच उल्लेख होता. ते पत्र बाबासाहेबांचे होते. त्याच महिन्यात त्यांनी साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाबद्दल साक्ष दिली. म्हणजे मुंबईच्या वर्तमानपत्रात ते पहिल्यांदा आले ते निनावी, फक्त जात सांगून.

पुढच्याच वर्षी स्वतःचे पत्र निघाले. शनिवार, ३१ जानेवारी १९२०. ‘मूकनायक’ पाक्षिक होते, कचेरी परळच्या पोयबावडीला हरारवाला बिल्डिंगमध्ये. छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. बाबासाहेब सरकारी कॉलेजात नोकरीला असल्याने संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव लागले. पुण्याच्या ‘केसरी’कडे पत्राची जाहिरात पैसे देऊन छापण्यासाठी पाठवली, ती नाकारली गेली. पैसे घेऊनही जाहिरात छापायची नाही, इतकी ही बातमी नको होती.

पहिल्या अंकाच्या मनोगतात त्यांनी हिंदू समाजाची तुलना जिने नसलेल्या मजल्यांच्या मनोऱ्याशी केली. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. ही उपमा आपल्या प्रत्येक भाषणात येते. आमच्या वाचनात मात्र एक वेगळी गोष्ट लक्षात आली. त्याच लेखात ते मुंबई इलाख्यातील इतर पत्रांचा हिशेब मांडतात: कोणते पत्र कोणत्या जातीचे हित पाहते, आणि स्वतःच्याच जातीचे हित पाहणारे पत्र शेवटी स्वतःचेही नुकसान कसे करते. त्यासाठी ते बोटीचे उदाहरण देतात. एकाच बोटीतल्या उतारूने दुसऱ्याच्या बाजूला भोक पाडले तर बुडायचे दोघांनी. पहिल्याच अंकात त्यांनी फक्त तक्रार केली नाही. वर्तमानपत्र म्हणजे काय असते आणि ते कोणाचे असते, याबद्दलही ते लिहून गेले.

पण १९२० च्या जुलैत ते अपुरे शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला गेले. मागे ‘मूकनायक’ ज्ञानदेव घोलप यांच्या हाती आले, वाद झाले, पैसा आटला आणि पत्र बंद पडले. १९२३ मध्ये बाबासाहेब बॅरिस्टर होऊन परतले तेव्हा हातात पत्र नव्हते. पुढची चार वर्षे ते नव्हतेच.

या चार वर्षांत काय काय झाले ते पाहिले की पुढचे लिखाण वेगळे दिसू लागते. १९२४ च्या जुलैत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. वकिली सुरू झाली, पण अस्पृश्य बॅरिस्टरकडे पक्षकार येणार किती? त्यामुळे बाटलीबॉय इन्स्टिट्यूटमध्ये हिशेब शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवणे आले. राहायला परळची बीआयटी चाळ, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. १९२६ च्या जुलैत लाडका मुलगा राजरत्न गेला. १९२७ च्या सुरुवातीला मुंबई कायदेमंडळावर नेमणूक झाली. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडची परिषद झाली, चवदार तळ्यावर पाणी प्यायले गेले, आणि परतणाऱ्या लोकांवर हल्ला झाला.

त्यानंतर बरोबर दोन आठवड्यांनी, रविवारी, ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला. या वेळी संपादक म्हणून भीमराव आंबेडकर हे नाव उघडपणे होते.

आमच्या गटात सर्वाधिक वेळ गेला तो याच सुरुवातीच्या अंकांवर. महाडवर त्यांनी एकामागून एक तीन अग्रलेख लिहिले. पहिला वरिष्ठ हिंदूंच्या जबाबदारीवर, दुसरा इंग्रज सरकारच्या जबाबदारीवर आणि तिसरा अस्पृश्य वर्गाच्या स्वतःच्या जबाबदारीवर. हा क्रम बघा. आज एखाद्या गावात अत्याचार झाला की आपल्या पोस्टमध्ये पहिला भाग असतो, कधी दुसरा असतो. तिसरा भाग लिहायचा म्हटले की हात थांबतो, कारण आपल्याच लोकांना दोष दिल्यासारखे वाटते. बाबासाहेबांनी तो भाग लिहिला, आणि मार खाऊन आलेल्या लोकांसाठी लिहिला. त्यात दोष देण्याचा सूर नाही. पुढची चाल आपल्यालाच खेळायची आहे, ती कशी खेळायची, याची ती चर्चा आहे. समाजकार्य करताना मी पीडित कुटुंबाशी बोलते तेव्हा हा फरक सांभाळणे किती अवघड असते ते मला माहीत आहे. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर समोरचा माणूस मिटतो.

दुसरे असे की ते कायद्याच्या कागदाला धरून लिहितात. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ मध्ये कायदेमंडळात कसा मंजूर झाला, महाड नगरपालिकेने त्यानुसार तळे खुले केल्याचे कसे जाहीर केले, आणि तरीही प्रत्यक्षात पाण्याला हात का लावता आला नाही, हे सगळे ते मांडतात. पुढे १९२७ च्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, तेव्हा या अंकांनी लोकांना आधीच तयार केलेले होते. आमच्याकडचे काका हे ऐकताना हसले. आमच्या वस्तीत पाण्याची पाइपलाइन कागदावर आलेली आहे, नळाला मात्र टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसणाऱ्या बायकांची रांग. जात आणि पाइपलाइन एकच नाहीत, हे कबूल. पण कागदावर मिळालेली गोष्ट हातात कशी आणायची, हा प्रश्न त्यांना लगेच ओळखीचा वाटला.

प्रतिपक्षाशी भांडण्याची त्यांची पद्धत तर शिकण्यासारखी आहे. पुण्याच्या ‘भाला’ पत्राचे भोपटकर महाडच्या सत्याग्रहावर विखारी लिहीत. बाबासाहेब आधी त्यांचा मुद्दा नीट मांडतात, कधीकधी तो भोपटकरांपेक्षा चांगला मांडतात, आणि मग शास्त्र, इतिहास, व्यवहार अशा एकेका बाजूने तो उसवत जातात. मधेच एखादी म्हण, एखादा टोमणा. ट्रोलला उत्तर देताना आपण त्याचा स्क्रीनशॉट टाकतो आणि खाली दोन शिव्या घालतो. वाचणाऱ्याला काही मिळत नाही. इथे ‘भाला’ कधीच संपला, आणि त्याचा मुद्दाही आज आपल्याला कळतो तो बाबासाहेबांनी केलेल्या मांडणीमुळे.

मित्रपक्षांशीही हाच हिशेब. १९२७ च्या पावसाळ्यात ब्राह्मणेतर पक्षाचे जेधे आणि जवळकर यांनी महाडच्या लढ्याला पाठिंबा देऊ केला, पण अट घातली की त्यात एकही ब्राह्मण नको. माणसे हवी होती, पैसा हवा होता, पाठिंबा मोठा होता. बाबासाहेबांनी आपल्या पत्रातून जाहीर नकार दिला. आपले भांडण ब्राह्मण्याशी आहे, जन्माने ब्राह्मण असलेल्या माणसाशी नाही, आणि हे ब्राह्मण्य ब्राह्मणेतरांतही असू शकते, अशी त्यांची भूमिका होती. डिसेंबरमध्ये महाडला मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. तेच पुढे ‘जनता’चे संपादक झाले. हे प्रकरण वाचले त्या रविवारी आमच्याकडे जोरदार वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. मला त्यातला विचार जितका महत्त्वाचा वाटतो तितकेच त्याचे स्थळही. पाठिंबा नाकारायचा तर तो बंद खोलीत नाकारता आला असता. त्यांनी तो वाचकांसमोर, कारणांसहित नाकारला.

आता त्या चोवीस रकान्यांबद्दल.

३ फेब्रुवारी १९२८ च्या अंकात त्यांनी वाचकांकडे पत्राच्या ऋणाचा हिशेब मागितला. त्यात त्यांनी सांगितले आहे की समाजातून लिहिणारे पुढे येत नाहीत, पगार देऊन माणूस ठेवायला पैसा नाही, त्यामुळे प्रत्येक अंकाचे चोवीस-चोवीस रकाने एकट्या संपादकाला लिहून काढावे लागतात, आणि हे काम आपण विनामोबदला केले आहे. अग्रलेख, ‘आजकालचे प्रश्न’, ‘प्रासंगिक विचार’ ही सदरे, सगळीकडे तोच एक हात. याच वर्षात ते कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलत होते, कोर्टात उभे राहत होते, वर्गात शिकवत होते आणि महार वतनाच्या विधेयकाची तयारी करत होते.

या पानावर आल्यावर नर्सिंगच्या मुलीने वही काढली आणि हिशेब केला. पंधरवड्याला चोवीस रकाने म्हणजे रोजचे दीड रकान्याहून जास्त. सुट्टी न घेता. तिने सरळ विचारले, मग घरी कोण बघत होते? उत्तर आपल्याला माहीत आहे. रमाई बघत होत्या. त्या चोवीस रकान्यांवर नाव एकाचे आहे, पण त्या दोन खोल्यांतले तेल, मीठ, आजारपण आणि राजरत्न गेल्यानंतरचे ते घर रमाईंनी सांभाळले म्हणून ते रकाने लिहून झाले. पत्रकार बाबासाहेबांवर लिहिताना ही ओळ बहुधा राहून जाते. मी समाजशास्त्रात एम.ए. करताना घरकामाच्या अदृश्य श्रमावर पानेच्या पाने लिहिली, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता.

वाचनाला सर्वात मोठा धक्का बसला तो मात्र शीर्षभागावरून. ‘मूकनायक’च्या माथ्यावर तुकोबांचा अभंग होता आणि ‘बहिष्कृत भारत’च्या माथ्यावर ज्ञानेश्वरीतल्या ओव्या. आमच्यातला एक तरुण अस्वस्थ झाला. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला तो. त्याचे म्हणणे होते की हे लोकांपुढे वाचू नये, विरोधक याचा वापर करतील. शंका खोटी नाही, वापर करतातच. काही लोक १९२७ ची पाने दाखवून १९५६ खोडू पाहतात.

पण मला वाटते, याच कारणासाठी ही पाने आपण स्वतः वाचायला हवीत. या अंकांत बाबासाहेब अजून हिंदू समाजाच्या आत उभे राहून त्याला जाब विचारत आहेत. माणुसकीचा हक्क याच धर्मात मिळतो का, हे ते तपासत आहेत. त्यासाठी ते त्याच समाजाच्या संतांचे शब्द त्याच्यासमोर धरतात. उत्तर काय येते आहे हे अंकागणिक दिसते. तळे खुले करणारा ठराव मागे घेतला जातो. डिसेंबरच्या सत्याग्रहाआधी तळे खासगी असल्याचा दावा करून कोर्टाकडून मनाई हुकूम आणला जातो. तो खटला उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने सुटायला १९३७ उजाडले. मधल्या काळात धर्मांतराचा विचार या पत्रात डोकावू लागतो. येवल्याची घोषणा १९३५ ची, नागपूर १९५६ चे. पण येवल्याच्या आधी आठ वर्षे एक माणूस दर पंधरा दिवसांनी, सगळ्यांसमोर, दार ठोठावून बघत होता, आणि प्रत्येक वेळी काय झाले ते लिहून ठेवत होता. ही पाने काढून टाकली तर धम्मदीक्षा हा एका दिवसात घेतलेला निर्णय वाटेल. तो तसा नव्हता.

त्या तरुणाला हे पटले की नाही, सांगता येत नाही. तो पुढच्या रविवारी आला मात्र.

‘बहिष्कृत भारत’ नोव्हेंबर १९२९ मध्ये थांबले. कारण जुनेच, पैसा. मधल्या काळात २९ जून १९२८ ला ‘समता’ निघाले होते, आणि २४ नोव्हेंबर १९३० ला ‘जनता’ सुरू झाले. दोन्हींचे संपादन देवराव विष्णू नाईक यांच्याकडे होते. बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी विलायतेला गेले तेव्हा तिथून ‘जनता’साठी पत्रे पाठवत. ‘जनता’ खूप टिकले, पंचवीस वर्षे, आणि ४ फेब्रुवारी १९५६ ला त्याचेच ‘प्रबुद्ध भारत’ झाले. लोकांच्या वर्गणीतून छापखाना उभा राहिला होता. बाबासाहेबांचा सहभाग शेवटपर्यंत होता, पण एकहाती रकाने भरण्याचे दिवस १९२९ सोबत संपले. ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले तेव्हा त्या दिवसांचे अंक कोणाच्या पेटीत, कोणाच्या माळ्यावर, पिवळे पडत होते.

ते आपल्यापर्यंत कसे आले, हीसुद्धा एक कथा आहे. वर्तमानपत्र रद्दीत जाते, तो त्याचा स्वभाव. भुसावळच्या रत्नाकर गणवीर यांनी सत्तरच्या दशकात ‘बहिष्कृत भारत’मधील अग्रलेख शोधून पुस्तकरूपात आणले. गंगाधर पानतावणे यांनी पत्रकार बाबासाहेबांवर संशोधन करून ग्रंथ लिहिला. आणि वसंत मून, ज्यांचे ‘वस्ती’ हे आत्मकथन तुमच्यापैकी अनेकांनी वाचले असेल, त्यांनी शासनाच्या खंडांचे काम करताना लोकांच्या घरोघरी जाऊन कागद गोळा केले. यातले कोणीही सुरुवातीला शासनाचे मोठे अधिकारी किंवा विद्यापीठाचे कुलगुरू नव्हते. बाबासाहेबांच्या लोकांनी बाबासाहेबांचे कागद वाचवले.

त्यानंतर खंड मिळेनासे झाले. ६ डिसेंबरला दादरला, शिवाजी पार्कच्या पुस्तकांच्या स्टॉलवर, हा खंड मागितला की विक्रेता मान हलवायचा. २०२१ च्या डिसेंबरमध्ये तर बाबासाहेबांच्या खंडांची छपाई रखडल्याच्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. आमच्याकडची प्रत आजोबांची आहे. पुठ्ठा निघालेला, कडेला मीठ-मसाल्याच्या पुडीसारखा वास. बाकीचे फोनवरच्या पीडीएफवर वाचतात. विरार लोकलमध्ये उभ्याने वाचायला पीडीएफ बरी, पण रकान्यांची पाने छोट्या स्क्रीनवर मावत नाहीत, दर ओळीला बोटाने सरकवावे लागते.

भाषा सोपी नाही, हेही सांगून टाकते. वाक्ये लांब आहेत, संस्कृत शब्द आहेत, सबब, तद्वत, यास्तव असे शब्द पावलोपावली. पहिल्या दोन रविवारी गळती लागली होती. आम्ही मग एक युक्ती केली. एकाने मोठ्याने वाचायचे, दर परिच्छेदानंतर दुसऱ्याने तो आपल्या बोलीत सांगायचा. रिक्षावाले काका हे काम सर्वात छान करतात. त्यांच्या तोंडी बाबासाहेबांचा टोमणा अगदी रिक्षा स्टँडवरचा होऊन येतो आणि सगळे हसतात. नंतर माझ्या लक्षात आले की आपण काही नवे शोधलेले नाही. त्या काळी ज्यांच्यासाठी हे लिहिले जात होते त्यातल्या बहुतेकांना अक्षर येत नव्हते. चाळीत, गावकुसाबाहेर, एक जण वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. हे लेख कानासाठीच लिहिले गेले असावेत, अशी माझी समजूत होत चालली आहे. तेच उदाहरण पुन्हा येते, तोच मुद्दा दुसऱ्या शब्दांत येतो. डोळ्यांना ती पुनरुक्ती वाटते, कानांना ती हवी असते.

आमच्या विहारापासून नालासोपारा पश्चिमेचा स्तूप फार लांब नाही. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथे खोदकाम केले तेव्हा दगडी पेटी आणि करंडक सापडले, आणि त्याच सुमारास सोपाऱ्यातच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नववा मिळाला तो वसईजवळ भुईगावला, तोही १९५६ साली. राजाने आपले म्हणणे लोकांच्या बोलीत, लोक येतात-जातात अशा ठिकाणी दगडावर कोरून ठेवले होते. आमचा एक मुलगा म्हणाला, अशोकाचे बरे होते, त्याला वर्गणीदार शोधावे लागत नव्हते. बोलला गमतीने, पण त्या दिवशी वाचन संपल्यावर आम्ही डब्यात पैसे टाकायला सुरुवात केली. खंड पुन्हा छापून बाजारात येईल तेव्हा पाच प्रती घ्यायच्या आहेत. आत्तापर्यंत अकराशे चाळीस रुपये जमले आहेत.

नर्सिंगच्या मुलीने मागच्या महिन्यात तिच्या हॉस्टेलमधल्या एका प्रकरणावर तीन पानांचा मजकूर लिहून आणला. आधी हॉस्टेलची जबाबदारी, मग कॉलेजची, मग मुलींची स्वतःची. तिसरा भाग अजून अर्धा आहे. तिला तो पुढच्या रविवारी वाचून दाखवायचा आहे, त्यानंतर आम्ही १९२८ च्या अंकांकडे परत जाऊ.